वारा वाढला की शीड किती आणि कसं कमी करायचं: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मार्च ते मे मधल्या दुपारच्या वाऱ्यात मुंबई बंदरात सेलिंग करण्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर जे प्रश्न आले ते फिरून फिरून एकाच ठिकाणी येतायत, वारा वाढल्यावर शीड कमी कधी करायचं आणि कसं. म्हणून यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवले आणि सगळी पानं रीफला दिली. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते की मेनसेलचा (डोलकाठीमागचं मोठं शीड) खालचा भाग बूमवर (त्याच्या खालचा आडवा दांडा) दुमडून बांधून शीड लहान करणं म्हणजे रीफ घेणं, बहुतेक बोटींना असे दोन तरी टप्पे असतात. आणि नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल.

प्रश्न (बेलापूर): ताई नमस्कार, आम्ही तिघा मित्रांनी मिळून एक २६ फुटी सेकंडहँड बोट घेतलीय. गेटवेवरून मांडव्याला जाताना एकदम मस्त जातो पण परत येताना हालत होते, बोट इतकी कलते की एका बाजूची कड पाण्यात जाते, माझी बायको तर आता यायलाच तयार नाही. वारा तोच असतो ना, मग जाताना काहीच कसं वाटत नाही? आणि रीफ नक्की किती नॉटला घ्यायचा, कोणी १५ सांगतं कोणी २०.

उत्तर: वारा तोच असतो पण बोटीला लागणारा वारा तोच नसतो, सगळी गोम तिथे आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी खारा वारा वायव्येकडून नाहीतर पश्चिमेकडून येतो आणि मांडवा पडतं गेटवेच्या दक्षिणेला, म्हणजे जाताना वारा पाठीशी. समजा वारा १८ नॉट आहे आणि तुम्ही ६ नॉटने पळताय, तर अंगावर लागतो फक्त १२. बोट सरळ, चहा सांडत नाही, सगळे खूश. परतीला वाऱ्यावर ४५ अंशात चढायला लागलात, म्हणजे समोरच्या वाऱ्याला तिरकं कापत जायला लागलात, की बोटीचा वेग वाऱ्यात मिळवला जातो आणि तोच १८ चा वारा २२-२३ होऊन शिडावर बसतो. आता यातली महत्त्वाची गोष्ट अशी की शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, १० चे १४ नॉट झाले की जोर जवळपास दुप्पट, २० झाले की चौपट. १२ आणि साडेबावीसचा हिशोब करून बघा, साडेतीनपट येतो. म्हणजे जाताना जे शीड तुमच्या बोटीला अगदी बेताचं होतं ते येताना साडेतीनपट जोराने तिला आडवं पाडायला बघतंय, आणि वारा मात्र एका नॉटनेही वाढलेला नाही.

म्हणून माझा सरळ सल्ला, मांडव्याहून निघायच्या आधी, नांगरावर किंवा आडोशाला असतानाच पहिला रीफ घालून निघा. बाहेर आल्यावर वारा कमीच निघाला तर रीफ सोडायला दोन मिनिटं लागतात, उलटं करायचं म्हटलं तर उसळत्या बोटीवर डोलकाठीपाशी उभं राहून करावं लागतं. काम अंगावर यायच्या आधीच साडी खोचून घ्यायची, तसं आहे हे.

किती नॉटला, याचं एक उत्तर सगळ्या बोटींना लागू नाही, जड आणि खोल कीलची (तळाखालचं जड पातं) बोट जास्त वारा पेलते, हलकी कमी. पण तुमच्या साईजच्या क्रूझिंग बोटीला वाऱ्यावर चढताना, लागणारा वारा १५ च्या पुढे गेला की आधी शीड सपाट करायला लागा, म्हणजे बॅकस्टे (डोलकाठीची मागची तार) ताणा, आऊटहॉल (शिडाचा मागचा कोपरा मागे ओढणारी दोरी) ताणा, हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) ताणा, ट्रॅव्हलर (बूमची दोरी ज्यावर सरकते ती पट्टी) खाली, म्हणजे वारा जातोय त्या बाजूला, सोडा. एवढं करूनही बोट सतत २० अंशांपेक्षा जास्त कलत असेल तर पहिला रीफ, आणि २२-२५ लागायला लागला की दुसरा. आकड्यांपेक्षा बोट काय सांगते ते ऐका. टिलर (सुकाणूचा दांडा) दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून धरायला लागतोय, सोडला की बोट आपोआप वाऱ्याच्या तोंडावर वळते, मेनशीट (बूम आत-बाहेर करायची दोरी) सारखी ढिली करावी लागतेय आणि मेनसेलचा पुढचा निम्मा भाग नुसता फडफडतोय, यातलं काहीही दिसलं की समजायचं शीड जास्त आहे. जे शीड फडफडतंय ते तुम्हाला पुढे नेत नाहीये, फक्त झिजतंय.

वारा मोजायचं यंत्र नसेल तर पाण्याकडे बघा. लाटांच्या माथ्यावर बऱ्याच ठिकाणी पांढरा फेस दिसायला लागला की वारा साधारण ११ ते १६ नॉट, जिकडेतिकडे फेस आणि थोडे तुषार उडायला लागले की १७ ते २१. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. वारा पाठीशी असताना आपल्याला लाटांच्या पाठी दिसतात त्यामुळे फेस कमी वाटतो, म्हणून वळून मागे बघायची सवय लावा. आणि ओहोटीचं पाणी वाऱ्याच्या उलट वाहत असेल तर तेवढ्याच वाऱ्यात लाटा जास्त उभ्या आणि आखूड होतात.

तुमच्या मिसेसना माझा निरोप सांगा की त्यांना जे वाटलं ते बरोबर होतं, बोटीवर शीड जास्त होतं. पुढच्या खेपेला रीफ घालून निघा आणि टिलर त्यांच्या हातात द्या. बोट सरळ चालताना हाताला कशी हलकी लागते हे एकदा कळलं की भीती बरीच कमी होते.

प्रश्न (पुणे): मी मुंबईत येऊन वीकेंडला सेलिंग शिकतोय. रीफ घेताना आमच्या बोटीवर फुल गोंधळ होतो, एक जण हॅलयार्ड सोडतो तोवर दुसरा मागची दोरी ओढत असतो, शीड अर्धवट अडकतं. आणि मागच्या वेळी रीफ सोडताना मेनसेल मधोमध फाटलं, बारीक दोऱ्या बांधायच्या भोकांपाशी. शीड जुनं होतं म्हणून फाटलं का?

उत्तर: शीड जुनं असेलही, पण तिथे फाटलंय म्हणजे कारण बहुतेक वेगळं आहे, त्याच्याकडे शेवटी येते. आधी क्रम, कारण रीफमधे ताकद कमी आणि क्रम जास्त लागतो.

बोट वाऱ्याच्या तोंडावर पूर्ण वळवू नका, शिडं फडफडतात, वेग जातो आणि बोट हातात राहत नाही. वाऱ्याला तिरकी ठेवा, जिब (डोलकाठीपुढचं शीड) भरलेली राहू दे म्हणजे बोट पुढे सरकत राहते, आणि मेनशीट सोडा. व्हँग (बूम खाली ओढून धरणारी दोरी) पण सोडा, हे हमखास विसरतात आणि मग मागचा कोपरा कितीही ओढला तरी खाली येत नाही. बूम खाली पडून कोणाच्या डोक्यात बसू नये म्हणून टॉपिंग लिफ्ट (बूमचं मागचं टोक वर धरणारी दोरी) आधी ताणून घ्या. आता हॅलयार्ड सोडायचा, पण किती? यासाठी बंदरातच शांतपणे एकदा रीफ घालून बघा आणि हॅलयार्ड क्लीटपाशी (दोरी अडकवायची खुंटी) जिथे येतो तिथे परमनंट मार्करने जाड खूण करा, दुसऱ्या रीफसाठी दोन खुणा. खूण क्लीटला आली की थांबायचं. डोलकाठीपाशी जो उभा आहे त्याने शिडाच्या पुढच्या कडेची रीफची रिंग बूमच्या तोंडाशी असलेल्या हुकात अडकवायची आणि ओरडून सांगायचं. लगेच हॅलयार्ड परत ताणायचा, चांगला कडक, पुढच्या कडेला उभी घडी दिसेपर्यंत. त्यानंतरच मागची रीफ लाईन, म्हणजे शिडाचा मागचा कोपरा बूमवर ओढणारी दोरी. तुमच्याकडे इथेच गोंधळ होतोय, मागची दोरी आधी ताणली की शिडाचा पुढचा भाग वर जाऊच शकत नाही, हॅलयार्ड कडक होत नाही आणि शिडाला पोट सुटतं. वारा वाढल्यावर आपल्याला नेमकं तेच नको असतं.

मागची रीफ लाईन विंचवर (दोरी ताणायचा फिरता रहाट) घेऊन इतकी ताणा की शिडाचा नवीन मागचा कोपरा बूमला टेकला पाहिजे आणि मागच्या बाजूला ओढला पण गेला पाहिजे. मग टॉपिंग लिफ्ट ढिली, मेनशीट आत, व्हँग ताणा, चला. तिघे असाल तर निघायच्या आधीच ठरवा, एक टिलरवर, एक डोलकाठीपाशी, एक दोऱ्यांवर, आणि बोलणारा एकच. चांगली सराव झालेली टीम हे दीड-दोन मिनिटांत करते.

आता फाटण्याबद्दल. शिडाच्या मधे ओळीने जी बारीक भोकं असतात, त्यातल्या दोऱ्या फक्त दुमडलेलं कापड गोळा करून ठेवायला असतात. वाऱ्याचा जोर घ्यायचा असतो पुढच्या हुकाने आणि मागच्या रीफ लाईनने. त्या बारीक दोऱ्या शक्यतो बूमभोवती न बांधता शिडाच्या खालच्या कडेभोवतीच बांधायच्या आणि सैल. रीफ सोडताना सगळ्यात आधी या दोऱ्या सोडायच्या, सगळ्या, एकेक मोजून, त्यानंतर मागची रीफ लाईन, मग पुढचा हुक, मग हॅलयार्ड वर. एक जरी दोरी बांधलेली राहिली आणि कोणी विंचवर हॅलयार्ड चढवला की सगळा जोर त्या एका भोकावर येतो आणि कापड तिथून उभं फाटतं, अगदी नवीन शीड असलं तरी. घेताना सुद्धा मागची रीफ लाईन नीट ताणली नसेल तर तो भार याच भोकांवर जातो. त्यामुळे शिलाई करून आणाल तेव्हा बोटीवर सगळ्यांना हा सोडायचा क्रम सांगा.

एक अजून. माणसं कमी असतील किंवा सगळे घाबरले असतील तर बोट हीव्ह-टू करून रीफ घ्या. टॅक करायचा, म्हणजे बोटीचं तोंड वाऱ्यातून पलीकडे वळवायचं, पण जिबची शीट (जिब ओढून धरायची दोरी) सोडायची नाही, जिब उलट्या बाजूने भरते, मेनशीट ढिली करायची आणि टिलर वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे वारा जातोय तिकडे, ढकलून बांधून टाकायचा. बोट जवळजवळ थांबते, हळूहळू आडवी सरकत राहते आणि डेकवर एकदम शांत होतं. हे मी प्रत्येक नवीन माणसाला पहिल्या काही दिवसांतच शिकवावं या मताची आहे. मात्र खाली सरकायला मोकळं पाणी पाहिजे, खडकाजवळ करू नका.

प्रश्न (ठाणे): आमच्या बोटीला रोलर फर्लर, म्हणजे जिब पुढच्या तारेवर गुंडाळायची सोय, आहे. जिब अर्धी गुंडाळली की तिला पोट येतं आणि बोट वाऱ्यावर चढतच नाही. काय करायचं?

उत्तर: गुंडाळल्यावर थोडं पोट येणारच, कारण शिडाच्या मधल्या भागात कापड जास्त असतं. काही जिबच्या पुढच्या कडेत फोमची पट्टी शिवलेली असते त्याने बराच फरक पडतो, सेलमेकरला विचारा. गुंडाळताना शीट थोडीच ढिली करा, पूर्ण सोडू नका, म्हणजे कापड घट्ट गुंडाळलं जातं. आणि शीटचा डेकवरचा ब्लॉक (कप्पी) पुढे सरकवा, हे कोणीच करत नाही आणि मग शिडाचा वरचा भाग उघडा पडून फडफडत राहतो. जिब एक तृतीयांशापेक्षा जास्त गुंडाळावी लागत असेल तर त्या वाऱ्यासाठी लहान जिबच लावायला पाहिजे. फर्लरची दोरी जड लागली तर विंचवर घेऊन रेटू नका, वर हॅलयार्ड गुंडाळला गेलाय का ते आधी बघा.

प्रश्न (दादर): आमचा ग्रुप रेसिंगवाला आहे. रीफ घेऊया म्हटलं की बाकीचे म्हणतात कच खाल्ली, स्पीड जाईल. मला पटत नाही पण उत्तर देता येत नाही.

उत्तर: उत्तर घड्याळाने द्या. दोन सारख्या बोटी २०-२२ नॉटमधे वाऱ्यावर चढवा, एक पूर्ण शिडात आणि एक रीफमधे. जास्त कललेल्या बोटीची कील तिरकी होते, पाण्यात पकड कमी होते, ती बाजूला घसरते, आणि सरळ ठेवण्यासाठी रडर (सुकाणू) इतका वळवून धरावा लागतो की तो ब्रेकचं काम करतो. रीफवाली बोट सरळ चालते, कमी घसरते, बहुतेक वेळा बरोबरीने नाहीतर पुढे असते. हलक्या रेसिंग बोटीत सहा माणसं कडेला बसून वजन टाकत असतील तर पूर्ण शीड थोडा जास्त वेळ पेलता येतं हे खरं, त्यामुळे तुमचे मित्र अगदीच चूक आहेत असं नाही, पण ते वजन नसेल तर तो नियम लागू होत नाही.

आणि कच खाण्याबद्दल. फ्रान्सिस ब्यूफोर्ट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाऱ्याची जी ० ते १२ अशी स्केल लिहिली, जी आपण अजून वापरतो, त्यात वाऱ्याचा वेग नॉटमधे नव्हताच. त्यात वरच्या आकड्यांना वारा मोजला होता तो लढाऊ जहाजावर किती शीड ठेवता येईल यावरून, ६ म्हणजे टॉपसेलला (डोलकाठीवरचं वरचं शीड) एक रीफ, ७ ला दोन, ८ ला तीन, आणि १२ म्हणजे कुठलंच कापड टिकणार नाही असा वारा. म्हणजे त्या काळच्या आरमारात रीफ हे वाऱ्याचं मापच होतं. आपल्याच मुंबईत सागवानात बांधलेली ३२ फुटी सुहेली घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८ च्या जूनमधे निघाले आणि ३१२ दिवसांनी, एप्रिल १९६९ मधे, कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले झाले. २००९-१० मधे दिलीप दोंदे आणि २०१२-१३ मधे न थांबता अभिलाष टॉमी, दोघंही गोव्यात बांधलेल्या म्हादेईवर एकट्याने जग फिरून मुंबईत आले. इतके महिने बोट आणि डोलकाठी शाबूत ठेवून घरी यायचं तर वाऱ्याप्रमाणे शीड कमी-जास्त करणं हे रोजचंच काम आहे. मित्रांना हे सांगा.

प्रश्न (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया): मी मूळची नाशिकची, आता सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात असते. बर्कलीहून क्लबची बोट भाड्याने घेऊन एंजल आयलंडपर्यंत जातो. उन्हाळ्यात सकाळी अजिबात वारा नसतो आणि दुपारी दोनला डायरेक्ट २५ नॉट. रीफ कधी घ्यायचा कळत नाही कारण मधली स्टेजच नसते.

उत्तर: तुमच्या पाण्यात रीफ धक्क्यावर घ्यायचा, बोट बांधलेली असतानाच. तिथे हा योगायोग नसतो, जून ते ऑगस्ट जवळजवळ रोजचं असतं ते. आतली सेंट्रल व्हॅली दिवसा भट्टीसारखी तापते, तिथली हवा वर जाते आणि पॅसिफिकवरची थंड जड हवा आत यायला एकच मोठी फट सापडते, गोल्डन गेट. म्हणून गोल्डन गेट ते अल्कट्राझ ते बर्कली हा सगळा पट्टा दुपारी पेटतो, तिकडचे लोक त्याला स्लॉटच म्हणतात. सकाळी वारा नाही म्हणून पूर्ण शीड लावून निघायचा मोह होतो, पण अर्धा तास मोटरवर जावं लागलं तरी चालेल, रीफ घालूनच निघा.

तुमचं बेलापूरवाल्यांच्या बरोबर उलट आहे. जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीशी, त्यामुळे परतीला एकदम शांत वाटतं आणि कोणीतरी म्हणतं रीफ सोडूया. सोडू नका. पाठीशी वारा असताना रीफ परत घेणं फार अवघड, कारण शीड शेजारच्या तारांवर आणि स्प्रेडरवर (डोलकाठीचे आडवे हात) दाबलेलं असतं, हॅलयार्ड सोडला तरी खाली येत नाही, बोट वाऱ्याकडे वळवावी लागते आणि त्या क्षणी २५ नॉट अख्ख्या शिडावर येतात. शिवाय चुकून जाईब झाला, म्हणजे पाठीमागचा वारा बाजू बदलून बूम पलीकडे फिरला, तर मोठ्या शिडाचा बूम जास्त जोराने फिरतो. बाहेर असताना रीफ घ्यायची वेळ आलीच तर एंजल आयलंडच्या आडोशाला जाऊन घ्या. ओहोटी गोल्डन गेटकडे वाहत असताना पश्चिमेच्या वाऱ्याविरुद्ध लाटा एकदम उभ्या होतात, त्या वेळा टाईड टेबलमधे बघून ठेवा. आणि पाणी उन्हाळ्यातही थंडगार असतं, १२ ते १५ अंश सेल्सिअस, आपल्या अरबी समुद्रासारखं नाही. लाईफ जॅकेट सगळ्यांनी, पूर्ण वेळ.

प्रश्न (कुलाबा): मी ११ वर्षांची आहे आणि ऑप्टिमिस्ट (मुलांची एका शिडाची छोटी बोट) चालवते. आमच्या शिडाला रीफच नाहीये. जोरात वारा आला की मी काय करू?

उत्तर: खूप छान प्रश्न विचारलास. ऑप्टिमिस्टचं शीड साडेतीन चौरस मीटरच्या आत असतं, त्यामुळे तुझ्या बोटीत शीड लहान करण्यापेक्षा तू काय करतेस ते जास्त महत्त्वाचं. झोत आला की पहिली शीट सोड, मग बाहेर झुकून बस, आणि बोट सरळ झाली की शीट परत आत घे. पाणी बादलीने काढत राहा, पाण्याने भरलेली बोट नीट चालत नाही. फारच वारा असेल तर तो जो तिरका दांडा शिडाचा वरचा कोपरा धरून ठेवतो, स्प्रिट, तो कोचला सांगून काढता येतो. वरचा कोपरा खाली पडतो आणि शिडाचा जोर एकदम कमी होतो, मग हळूहळू घरी यायचं. हे किनाऱ्याजवळ कोच बाजूला असताना एकदा करून बघ. पुढे तू मोठी होऊन लेसर नावाच्या मोठ्या बोटीवर (आता तिला इल्का म्हणतात) जाशील तेव्हा तिथे वेगळी सोय आहे, बोट तीच पण शिडं तीन साईजची मिळतात, ४.७, ५.७६ आणि ७.०६ चौरस मीटर, ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे. आणि बोट उलटली तर उलटली, ती सरळ करायची प्रॅक्टिस मात्र चुकवू नकोस.

प्रश्न (देवगड): माझे आजोबा गलबतावर तांडेल होते. त्या तिरक्या शिडांना रीफच्या दोऱ्या नसायच्या असं वडील सांगतात. मग वारा वाढला की ते काय करत?

उत्तर: तुमच्या घरात ही माहिती आहे हे वाचून फार बरं वाटलं, वडिलांकडून जेवढं मिळेल तेवढं लिहून ठेवा. अरबी समुद्रातल्या धाऊ (dhow) पद्धतीच्या जहाजांवर तिरक्या लांब वाशाला बांधलेलं शीड सहसा रीफ करत नसत, बदलत. मोठं शीड हलक्या वाऱ्याला आणि लहान शीड जोराच्या वाऱ्याला, अशी वेगवेगळ्या मापाची शिडं बरोबर असायची. वारा वाढला की अख्खा वासा खाली उतरवायचा, मोठं शीड सोडायचं, लहान बांधायचं आणि सगळ्यांनी मिळून वासा परत वर चढवायचा. हे किती जड काम असेल ते तो वासा बघितलेल्यालाच कळेल, म्हणूनच खलाशी जास्त लागायचे. आणि म्हणूनच तांडेलाचं आभाळाकडे लक्ष लागायचं, काम सुरू करायला उशीर झाला तर वेळच मिळत नसे. बाकी शीड कमी करण्याचा सगळ्यात मोठा प्रकार म्हणजे पावसाळ्यात दर्यात न जाणं, गलबतं किनाऱ्यावर ओढून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मगच परत बाहेर काढायची. आपले सेलिंग क्लब आजही पावसाच्या आधी बोटी पाण्याबाहेर काढतात ते याच कारणाने.

प्रश्न (अलिबाग): मे महिन्यात संध्याकाळी अचानक काळं आभाळ येऊन जो वारा सुटतो त्याला पहिला रीफ पुरेल का दुसरा घ्यायचा?

उत्तर: दोन्ही नाही. वळवाच्या वादळात सुरुवातीच्या झोतात वारा काही क्षणांत १० वरून ३५-४० नॉटवर जाऊ शकतो, तिथे रीफचा हिशोबच करू नका, मेनसेल पूर्ण खाली घ्या आणि बूमला घट्ट बांधा, जिब पूर्ण गुंडाळा आणि शीटचे दोन-तीन वेढे जास्त मारा म्हणजे वाऱ्याने उलगडणार नाही. इंजिन असेल तर आधीच चालू करा, आणि चालू करण्यापूर्वी एकही दोरी पाण्यात लोंबत नाहीये हे बघा, प्रोपेलरमधे अडकली की संपलं.

ओळखायचं कसं, तर दुपारभराचा खारा वारा एकदम पडतो, पूर्वेला सह्याद्रीच्या बाजूला ढग काळा-निळा होत वर चढतो, त्याच्या खालच्या कडेला गुंडाळीसारखा पट्टा दिसतो, आणि मग गार वाऱ्याची झुळूक उलट्या बाजूने येते. ती गार झुळूक लागली की मिनिटं उरलेली असतात, त्यामुळे काम ढग बघूनच सुरू करायचं. दिशेचं मात्र नीट समजून घ्या. आपल्याला वायव्येच्या वाऱ्याची सवय असते म्हणून आडोशासाठी आपण मुंबईच्या बाजूला सरकतो. पूर्वेचं वादळ आलं की तीच बाजू धोक्याची होते, वारा बोटीला सरळ कुलाब्याच्या धक्क्यांवर आणि खडकांवर ढकलतो. तुम्ही अलिबागच्या बाहेर असाल तर पूर्वेचा वारा तुम्हाला समुद्रात नेईल, ते त्या वेळी बरं, फक्त खांदेरी-उंदेरीचे खडक तुमच्या खालच्या बाजूला येत नाहीत ना ते बघा.

त्या महिन्यात निघायच्या दिवशी हवामान खात्याचं मुंबई रडारचं चित्र आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा समुद्राचा अंदाज दोन्ही बघा, दुपारी परत एकदा बघा. अंदाजात जो वारा लिहिलेला असतो तो सरासरी असतो, झोत त्याच्या ४० टक्के जास्त असू शकतात. वादळ साधारण अर्ध्या-पाऊण तासात निघून जातं आणि मग एकदम निर्वात होतं, तेव्हा सगळ्यांना घरी जायची घाई असते आणि पूर्ण शीड वर जातं. त्याच्या मागे दुसरा ढग आहे का ते आधी बघा, इंजिनवर या, आणि शीड लावायचंच असेल तर दुसऱ्या रीफमधे लावा.